चार वाक्यांचा उतारा

एक साधा कागद. त्यावर चार चौकटी. एकीत सुटी अक्षरं, दुसरीत रोजच्या बोलण्यातले छोटे शब्द, तिसरीत पहिलीच्या पुस्तकात शोभेल असा चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि चौथीत दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. मूल ओट्यावर, अंगणात, चुलीजवळ, जिथे असेल तिथे त्याच्या शेजारी बसायचं. आधी नाव-गाव विचारून त्याची भीड घालवायची, मग उतारा पुढे करून म्हणायचं, ‘‘हे वाचून दाखवतोस?’’ उतारा नीट वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्द. शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम.

या कागदानं गेल्या वीस वर्षांत भारतातल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल जेवढं सांगितलं, तेवढं जाडजूड अहवालांच्या कपाटांनी सांगितलं नव्हतं. पुढे तो पाकिस्तानात गेला, पूर्व आफ्रिकेत गेला, सेनेगल आणि मालीत गेला, मेक्सिकोत गेला. तो घडवला ‘प्रथम’ या संस्थेनं, आणि संस्था जन्मली मुंबईत. पण स्थापना झाल्यावर लगेच तिला हा कागद सुचला असं झालेलं नाही. तिथवर पोचायला तिला दहा वर्षं लागली. त्यानंतरही, कागदावर दिसलेलं दुखणं बरं कसं करायचं हे शोधण्यात आणखी दहा गेली. मला या संस्थेच्या यशापेक्षा ही वीस वर्षं जास्त मोलाची वाटतात.

१९९० नंतरची मुंबई आठवावी. गिरण्यांचा संप होऊन दशक उलटलेलं, गिरणगाव विस्कटलेलं. रस्त्याकडेच्या आणि खाडीकाठच्या वस्त्या वाढत चाललेल्या. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा किती तरी माध्यमांतून चालत होत्या, आणि तरीही पुष्कळ मुलं शाळेच्या फाटकापर्यंत पोचत नव्हती. या शहरात प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मिळावं यासाठी काही करता येईल का, असा विचार युनिसेफनं मांडला. त्यातून महापालिका, युनिसेफ आणि शहरातले काही जाणते नागरिक एकत्र आले आणि १९९४-९५ मध्ये ‘प्रथम’ हा सार्वजनिक न्यास उभा राहिला. पुढाकार घेणाऱ्यांत माधव चव्हाण होते. लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे ते चिरंजीव. अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करून परतलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागात शिकवणारे. साक्षरता मोहिमेच्या निमित्तानं ते आधीपासून वस्त्यांमध्ये फिरत होते. त्यांच्या सोबत निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातल्या फरीदा लांबे होत्या. महानगरातल्या मुलांचे हाल त्यांना वर्गात बसून नव्हे, वस्तीत जाऊन ठाऊक झालेले होते.

सुरुवात बालवाड्यांपासून झाली. कल्पना अगदी साधी होती. शाळेत टिकायचं तर मुलाला शाळेत बसायची सवय हवी, आणि ती तीन ते पाच वर्षांच्या वयात लागली पाहिजे. त्यासाठी इमारत बांधायची गरज नव्हती. मंडळाचं कार्यालय, देवळाचा सभामंडप, मशिदीलगतची खोली, कुणाच्या घराचा पुढचा भाग, जिथे वीस मुलं मावतील तिथे बालवाडी सुरू व्हायची. शिकवणारी त्याच गल्लीतली मुलगी, बहुधा दहावी-बारावीपर्यंत शिकलेली. तिला थोडं प्रशिक्षण, थोडं साहित्य आणि तुटपुंजं मानधन मिळायचं. तिनंच घरोघर जाऊन मुलं गोळा करायची. काही वर्षांतच अशा बालवाड्यांचा आकडा हजारांच्या घरात गेला. शिक्षणाचा एवढा मोठा व्याप अशा मुलींच्या खांद्यावर उभा राहू शकतो, हे त्या वेळी फार थोड्यांना खरं वाटलं असतं. ‘प्रथम’च्या पुढच्या प्रत्येक उपक्रमात ही मुलगी आहे. कधी तिचं नाव बालसखी, कधी स्वयंसेविका, पुढे कधी गावातली आई. संस्थेच्या इतिहासात तिची नावं क्वचितच छापली गेली. पण वाटचाल मोजायची तर पावलं तिचीच मोजावी लागतील.

मग एक अडचण समोर आली. मुलं शाळेत जाऊ लागली होती, पण तिसरी-चौथीत पोचूनही त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं. प्रत्येक वर्गात दहा-पंधरा मुलं अशी असायची की गुरुजी फळ्यावर काय लिहीत आहेत ते त्यांच्यासाठी फक्त चित्र असायचं. पाठ पुढे जायचा, मुलं मागेच राहायची. यावर ‘बालसखी’ हा उपाय निघाला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दोन तास वेगळं बसवायचं आणि वस्तीतल्याच एका तरुणीनं त्यांना मुळापासून शिकवायचं. मुंबईत आणि बडोद्यात हे काम चालू असताना अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कसून तपासणी केली. २००१ ते २००४ या काळात, १५ हजारांहून अधिक मुलांवर, चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं काही शाळांना एका इयत्तेसाठी आणि काहींना दुसऱ्या इयत्तेसाठी बालसखी देऊन. बडोद्यात तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २० टक्क्यांना पहिलीच्या गणिताचं उत्तर देता येत होतं, हे याच तपासणीत दिसलं.

निष्कर्ष ‘प्रथम’ला उमेद देणारे होते, बालसखीकडे शिकलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पण त्यातला एक निष्कर्ष मला अधिक लक्षात राहतो. बालसखीकडे मुलं गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता. तरीही वर्गात राहिलेल्या मुलांना त्याचा काही फायदा झाला नाही. म्हणजे वर्गातली संख्या कमी केली की शिकणं आपोआप सुधारतं, ही आपली जुनी समजूत इथे टिकली नाही. शिकवणं ज्यांच्या पातळीशी जुळलं, ती मुलं पुढे सरकली. दुसरा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. वर्षभरानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा कमाईतला बराचसा भाग ओसरला होता. जिने शिकवलं ती निघून गेली, मूल पुन्हा त्याच वर्गात बसलं, आणि वर्ग होता तसाच होता.

याच सुमारास संस्थेत वाचनाच्या पद्धतीवर नव्यानं विचार सुरू झाला. प्राध्यापक ए. के. जलालुद्दीन यांच्या मार्गदर्शनाखाली एक झटपट वाचायला शिकवण्याची रीत आकाराला आली. ती समजून घ्यायची तर आपल्या लिपीकडे पाहावं लागतं, आणि मराठी वाचकाला ते अवघड जाऊ नये.

देवनागरी शिकणाऱ्या मुलापुढे खरा डोंगर मुळाक्षरांचा नसतो. ‘क’ ओळखणारं मूल ‘की’ आली की थबकतं, ‘कु’ला ‘क’ म्हणतं, ‘कौ’ पाहून आपल्याकडे बघतं. तीसेक व्यंजनं आणि बारा स्वरचिन्हं यांचा गुणाकार केला की चारशेच्या आसपास रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आपल्या शाळांची जुनी रीत अशी, की आधी महिनोन्‌महिने मुळाक्षरं, मग काना, मग वेलांटी, मग उकार, मग मात्रा, एकामागून एक. रीत चुकीची नाही, पण ती रोज हजर असणाऱ्या मुलाला गृहीत धरते. ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात त्या मुलाचे नेमके उकाराचे पंधरा दिवस बुडाले, तर पुढे प्रत्येक ओळीत त्याला एक खड्डा लागतो. तो खड्डा बुजवायला पुढच्या इयत्तेत कुणाकडेच वेळ नसतो. चौथीत गेलेलं मूल ‘कमळ’, ‘नगर’ वाचतं आणि ‘कुत्रा’पाशी अडतं, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.

नव्या रीतीत बाराखडीचा अख्खा तक्ता पहिल्या दिवसापासून मुलासमोर यायचा. आडवा म्हणायचा, उभा म्हणायचा, तालात म्हणायचा. बोट ठेवून म्हणायचा. पाठ होण्याआधीच त्यातली लय कानात बसायची, आणि लय बसली की ‘क’वरून ‘की’कडे, ‘की’वरून ‘मी’कडे उडी मारणं सोपं व्हायचं. पण केवळ तक्ता नव्हता. त्याच दिवशी गोष्ट वाचली जायची. ताई प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत मोठ्यानं वाचायची, मुलं तिच्यामागून. वाचता येत नसलेल्या मुलाच्या हातीही गोष्टीचा कागद असायचा. त्या गोष्टीवर गप्पा व्हायच्या, शब्दांचे खेळ व्हायचे, जमिनीवर खडूनं लिहिलं जायचं, मनातलं वाक्य वेडंवाकडं का होईना कागदावर उतरायचं. बोलणं, वाचणं, लिहिणं आणि करणं या सगळ्या गोष्टी एकाच बैठकीत. पुढे या पद्धतीला ‘कमाल’ असं नाव पडलं. अक्षर आधी की अर्थ आधी हा शिक्षणशास्त्रातला जुना वाद इथे कुणी सोडवत बसलं नाही. मुलाला दोन्ही एकदम दिलं.

अक्षरओळखीनंतर वाचायला काय द्यायचं, हाही प्रश्नच होता. परवडणारी, मुलांच्या भाषेतली, रंगीत पुस्तकं मिळत नव्हती. म्हणून २००४ मध्ये ‘प्रथम बुक्स’ ही वेगळी संस्था निघाली, आणि २०१५ मध्ये तिनं ‘स्टोरीवीव्हर’ हे खुलं व्यासपीठ सुरू केलं, जिथल्या गोष्टी कुणीही मोफत वाचू शकतो, आपल्या भाषेत आणू शकतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता पुन्हा त्या कागदाकडे. शिकवणाऱ्या ताईला मूल कुठे आहे हे चटकन कळावं, म्हणून अक्षर-शब्द-उतारा-गोष्ट अशी पायऱ्यांची चाचणी वस्त्यांमध्ये वापरली जात होती. गावांमध्ये हीच चाचणी घेऊन गावाचं प्रगतिपत्रक गावासमोर ठेवलं, तर लोक हादरून जायचे. मूल रोज शाळेत जातं, वह्या भरलेल्या आहेत, म्हणजे शिकतंच आहे असं त्यांनी धरलेलं असायचं. यातूनच प्रश्न उभा राहिला, की एका गावाचं होतं तसं सगळ्या देशाचं प्रगतिपत्रक का होऊ नये? सरकार मुलांची नोंदणी मोजत होतं, वर्गखोल्या मोजत होतं, शिक्षक मोजत होतं. २००४ पासून शिक्षणासाठी वेगळा उपकर गोळा होऊ लागला होता. मूल वाचतं का, हे मात्र देशपातळीवर कुणी मोजत नव्हतं.

२००५ मध्ये अशी देशव्यापी पाहणी पहिल्यांदा झाली, ‘असर’ या नावानं. नाव मराठीतही जसंच्या तसं कळतं. शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. करून १९९६ मध्ये संस्थेत आलेल्या रुक्मिणी बॅनर्जी यांनी हे काम उभं केलं. त्याची घडण मुद्दाम साधी ठेवली होती. ग्रामीण जिल्ह्यांतली गावं निवडायची. स्थानिक महाविद्यालयं, अध्यापक विद्यालयं, छोट्या संस्था यांतल्या स्वयंसेवकांनी गावात पायी फिरून नकाशा काढायचा, गावाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागातून ठरावीक अंतरानं पाच घरं घ्यायची. चाचणी शाळेत घ्यायची नाही, घरी घ्यायची. कारण सरकारी, खासगी, गळालेलं, कधीच न गेलेलं, आज गैरहजर असलेलं, अशी सगळी मुलं फक्त घरीच भेटतात. शक्यतो सुटीच्या दिवशी जायचं. आणि अहवाल वर्ष संपायच्या आत हाती यायला हवा, तीन वर्षांनी नव्हे.

पहिल्या अहवालानं दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या. ग्रामीण भारतातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं शाळेच्या पटावर होती. आणि ७ ते १४ वयाच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना तो सोपा उतारा वाचता येत नव्हता, तर निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नव्हती. शाळा आणि शिकणं हे एकच आहे असं आपण धरून चाललो होतो. तो गैरसमज या दोन आकड्यांनी संपवला.

विरोध झालाच. चाचणी फार ढोबळ आहे, स्वयंसेवक तज्ज्ञ नाहीत, असं म्हटलं गेलं. या अहवालांमुळे सरकारी शाळांची बदनामी होते आणि पालक खासगी शाळांकडे वळतात, हाही आक्षेप आला, आणि तो मला उडवून लावण्यासारखा वाटत नाही. वर्तमानपत्रांनी बहुतेक वेळा फक्त अपयशाचे मथळे छापले, हे खरं आहे. पण त्याच अहवालात खासगी शाळांतल्या मुलांचे आकडेही असतात, आणि घरची परिस्थिती, पालकांचं शिक्षण लक्षात घेतलं की खासगी शाळांची आघाडी बरीच आक्रसते. ते मथळ्यात मावत नाही, एवढंच. आणि जे दुखणं मोजलंच जात नाही, त्यावर औषध करायला कुठल्याच अंदाजपत्रकात पैसे सापडत नाहीत.

दुखणं कळलं. उपायही हाती आहे असं वाटत होतं. आता फक्त तो सगळीकडे न्यायचा, असं संस्थेला वाटलं असेल तर नवल नाही. इथून पुढची सात-आठ वर्षं मात्र तिची परीक्षा पाहणारी होती.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये २८० गावांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत पालकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याबरोबर गावकऱ्यांनाच मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवलं. आणि काही गावांत याशिवाय तरुणांना वाचनवर्ग कसा घ्यायचा याचं चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं. अपेक्षा अशी होती, की गाव जागं झालं की शाळेला जाब विचारेल आणि शाळा सुधारेल. तसं झालं नाही. सभा झाल्या, चर्चा झाल्या, शाळा होती तिथेच राहिली. ज्या ६५ गावांत वाचनवर्गाचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यांपैकी ५५ गावांत मात्र तरुणांनी विनामोबदला वर्ग चालवले आणि तिथली मुलं वाचू लागली. जिथे काहीच वाचता न येणारं मूल वर्गाला गेलं, तिथे त्याला अक्षरं वाचता येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास वाढली. पण वर्गाला गेलेली मुलं गावातल्या एकूण मुलांच्या ८ टक्केच. उपाय लागू पडत होता, आणि तो बहुतेक मुलांपर्यंत पोचत नव्हता.

तरीही पाऊल मागे घेतलं नाही. २००७ मध्ये ‘रीड इंडिया’ सुरू झालं, राज्य सरकारांशी हातमिळवणी करून. ऐन भरात, २००८-०९ मध्ये, ते तीन कोटींहून अधिक मुलांपर्यंत गेलं. एवढी मोठी मोहीम एखाद्या बिगरसरकारी संस्थेनं क्वचितच चालवली असेल. आणि याच काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये तिची पुन्हा तपासणी चालू होती.

तिचे निकाल वाचताना मला आजही वाईट वाटतं, आणि आदरही वाटतो. शाळांना नुसतं साहित्य पाठवलं, काही उपयोग नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, तरी शाळेच्या वर्षभराच्या रहाटगाडग्यात काही फरक नाही. स्वयंसेवक जिथे शाळेबाहेर वर्ग घेत होते तिथे मुलं शिकली. त्यांना शाळेत आणलं तर कित्येक ठिकाणी ते बदली शिक्षक होऊन नेहमीचा धडाच शिकवू लागले. पण बिहारमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसली. उन्हाळ्याच्या सुटीत, २००८ साली, सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली आणि तिथे मुलांचं वाचन सुधारलं. तेच गुरुजी, तीच पद्धत, तीच मुलं. सुटीत जमलं, जूननंतर जमलं नाही.

याचा अर्थ लावायला वेळ लागला, पण तो लागल्यावर सगळी दिशाच बदलली. शिक्षकाला शिकवता येत नाही, हे निदान चुकलेलं होतं. सुटीत त्याच्या मानेवर अभ्यासक्रमाचं जू नव्हतं. शाळा सुरू झाली की चौथीचं पुस्तक चौथीत संपवायचं, तपासणीला आलेला अधिकारी धडा कितवा चालू आहे हेच विचारणार. अशा शिक्षकाला ‘मागे राहिलेल्यांकडेही बघा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या दोन्ही हातांत ओझं असताना तिसरं द्यायचं. एखाद्या संस्थेनं आपल्या सर्वांत मोठ्या मोहिमेचं हे अपयश दडवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. इथे ते शोधनिबंधात छापलं गेलं, संस्थेच्या लोकांची नावं त्यावर होती, आणि पुढची आखणी त्याच पानांवरून झाली.

दोन वाटा निघाल्या. पहिली सरकारी व्यवस्थेतली. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या दिवसातला एक तास वेगळा काढला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवी असं काही नाही; मुलं त्या कागदावर ज्या पायरीवर असतील त्या गटात बसणार. अक्षरवाल्यांचा गट, शब्दवाल्यांचा गट, उतारा वाचणाऱ्यांचा गट. आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखी जी माणसं असतात, त्यांनी आधी स्वतः काही दिवस हे वर्ग घेऊन पाहिले आणि मगच शिक्षकांना शिकवलं, त्यांच्या वर्गात जाऊन मदत केली. मुलांचं वाचन सुधारलं. तास राखून ठेवला, वरिष्ठांनी तो मानला, म्हणजे शिक्षकाला मुभा मिळाली.

दुसरी वाट जिथे व्यवस्थाच ढिली तिथली. उत्तर प्रदेशात उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी शाळेतच दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं घेतली, मध्ये खंड ठेवून, वर्षाकाठी पन्नासेक दिवस. वर्षअखेरीला या शाळांत उतारा किंवा गोष्ट वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर नसलेल्या शाळांच्या जवळजवळ दुप्पट होतं. पन्नास दिवसांत. मूल चार वर्षं शाळेत बसून जे शिकत नाही ते पन्नास दिवसांत शिकतं, या वाक्यात आनंद आहेच, पण त्या चार वर्षांचा विचार मनातून जात नाही.

इयत्ता विसरून पातळीवरून शिकवण्याची ही रीत पुढे देशाबाहेर गेली. त्याआधी तो कागद गेला होता. २००९ पासून केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ या नावानं, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘क्षमता’, घरोघरची वाचनचाचणी सुरू झाली. सेनेगलमध्ये ‘जांगांदो’, मालीत ‘बेएकुंको’. पुढे या सगळ्यांचं एक जाळंही उभं राहिलं. शिकवण्याच्या बाबतीत सर्वांत लक्षणीय काम झालं ते झांबियात. तिथल्या शिक्षण मंत्रालयानं २०१६ मध्ये ८० शाळांत ‘कॅच अप’ नावानं ही रीत करून पाहिली आणि मग ईस्टर्न आणि सदर्न या दोन प्रांतांतल्या शेकडो शाळांमध्ये नेली. तिथे मुलं न्यांजा आणि टोंगा भाषांत वाचतात, लिपी रोमन. बाराखडी तिथे कुठून असणार? पण या भाषांत व्यंजन आणि स्वर मिळून स्वरान्त अक्षरं होतात, म्हणून ‘बा, बे, बी, बो, बू’ असा पाच स्वरांचा तक्ता भिंतीवर लागला आणि मुलं तो आडवा-उभा म्हणू लागली. मुंबईतल्या झोपडपट्टीत घडलेली एक रीत लुसाकापलीकडच्या खेड्यातल्या फळ्यावर वेगळ्या अक्षरांत उतरलेली आहे. मराठी माणूस म्हणून मला याचा अभिमान वाटतो, तो लपवावासा वाटत नाही.

मानसन्मान आले. माधव चव्हाण यांना २०१२ चा वाइज पुरस्कार, रुक्मिणी बॅनर्जी यांना २०२१ चा यिदान पुरस्कार. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मुंबई-बडोद्याच्या त्या बालसख्यांचा उल्लेख जगभर झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेनं जाहीर केलं, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्क्यांना साधा मजकूर वाचून समजत नाही. याला बँकेनं नाव दिलं ‘शिक्षणदारिद्र्य’. जौनपूरच्या ओट्यावर दिसलेली गोष्ट आता जगाच्या नकाशावर मांडली गेली होती.

आणि मग शाळाच बंद पडल्या. करोनाच्या दोन वर्षांत काय झालं ते २०२२ च्या ‘असर’नं सांगितलं. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचं वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७ टक्के होती, ती २०.५ टक्क्यांवर आली. दहा वर्षांची कमाई दोन वर्षांत गेली. याच दरम्यान २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केलं होतं. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता आलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. देशाच्या पातळीवर ‘वाचता येणं’ हेच ध्येय म्हणून लिहिलं गेलं होतं. २०२४ चा ‘असर’ ६०५ जिल्ह्यांतल्या साडेसहा लाखांजवळ मुलांना भेटून झाला. तिसरीचा आकडा पुन्हा २७ टक्क्यांवर आला होता, आणि सरकारी शाळांत तर तो २०१८ च्याही पुढे गेला होता. तिसरीतल्या चारांपैकी एकाच्या थोडं वर. पडलेलं भरून निघालं, एवढंच आज म्हणता येतं.

‘प्रथम’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही संस्था शिक्षणाचा अर्थ अक्षर आणि आकड्यापुरता आक्रसून टाकते. मला त्यातलं दुःख कळतं. मुलानं गावं, चित्र काढावं, प्रश्न विचारावेत, हे सगळं हवंच. पण पाचवीत बसलेल्या ज्या मुलीला चार वाक्यं वाचता येत नाहीत, तिच्यासाठी इतिहास, विज्ञान, कविता या सगळ्या बंद खोल्या आहेत. आधी किल्ली तिच्या हातात द्यावी, असं म्हणण्यात शिक्षणाचा संकोच नाही. आणखी एक आक्षेप मात्र मी खरा मानतो. एवढं सगळं काम ज्या स्थानिक मुलींच्या जिवावर उभं राहिलं, त्यांना मिळालेलं मानधन कधीच त्यांच्या कष्टांच्या तोलाचं नव्हतं. सरकारी असो वा बिगरसरकारी, आपल्या देशात बालशिक्षणाचं ओझं कायम कमी पैशांत बाईनं उचलावं अशीच रीत पडली आहे.

महाराष्ट्रात २०२२ च्या उन्हाळ्यात, करोनानंतर शाळा पुन्हा रुळावर येत असताना, पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनानं ‘प्रथम’च्या साथीनं ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवलं. शाळेच्या आवारात मेळावे भरले. वाड्या-वस्त्यांवर आयांचे गट तयार झाले, आणि घरच्या घरी करायच्या छोट्या-छोट्या कृती त्यांच्याकडे पोचू लागल्या. भाजी निवडता निवडता मोजायच्या, चित्र पाहून गोष्ट सांगायची, नावातलं पहिलं अक्षर ओळखायचं.

या आयांचं वय काय असेल? पहिलीत जाणाऱ्या मुलाची खेड्यातली आई बहुधा पंचविशी-तिशीची. म्हणजे २००५ मध्ये, पहिल्या ‘असर’च्या वेळी, ती सात ते चौदा वर्षांची होती. ज्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना दुसरीची गोष्ट वाचता आली नव्हती, त्याच वयाची. आता ती शाळेच्या पटांगणात इतर आयांबरोबर गोल करून बसली आहे, मांडीवर लेक आहे, हातात तो कागद आहे, आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून ती लावून लावून वाचते आहे.